डेबियन स्टेबलमध्ये कर्नल, जीलिबसी आणि ओपनएसएसएल कसं अपडेट करायचं, रिलीज न बदलता

स्टेबल, म्हणजे डेबियनचं अधिकृत स्थिर रिलीज, वापरणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो, की बाहेर कर्नलचं (सिस्टीमच्या गाभ्याचं) नवीन व्हर्जन आलं, ओपनएसएसएच (दूरून लॉगिन करायचा प्रोग्रॅम) नवीन आलं, आणि माझ्या मशीनवर अजून जुनंच दिसतंय, मग मी असुरक्षित आहे का आणि हे नवीन मी कसं आणू. आणि इथूनच लोक चुकीच्या रस्त्याला लागतात, कुठूनतरी टेस्टिंगची (पुढच्या रिलीजची तयारी चालते त्या शाखेची) एक ओळ सोर्समध्ये, म्हणजे पॅकेज कुठून घ्यायची त्या यादीत, टाकतात, एक पॅकेज घ्यायला जातात आणि त्याच्यामागे अख्खी सिस्टीम ओढली जाते. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय. जीलिबसी म्हणजे जवळपास प्रत्येक प्रोग्रॅम वापरतो ती मूळ सी लायब्ररी, ओपनएसएसएल म्हणजे एन्क्रिप्शनची लायब्ररी, आणि ॲप्ट म्हणजे पॅकेज टाकायचं-काढायचं डेबियनचं टूल. उदाहरणं डेबियन १२ म्हणजे बुकवर्म आणि डेबियन १३ म्हणजे ट्रिक्सी यांची घेतलीत, उबुंटू एलटीएसवाल्यांनाही बरंचसं लागू पडेल पण नावं वेगळी असतील. कमांड इथे बोलतो तशा लिहिल्यात, टर्मिनलमध्ये अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या.

आधी व्हर्जन नंबर वाचायला शिका

हे सगळ्यात महत्त्वाचं आहे म्हणून पहिलं. बुकवर्म १० जून २०२३ ला आलं तेव्हा त्यात कर्नल ६.१, जीलिबसी २.३६, सिस्टमडी (सर्व्हिस चालू-बंद करणारा मूळ प्रोग्रॅम) २५२ होतं. ट्रिक्सी ९ ऑगस्ट २०२५ ला आलं, त्यात कर्नल ६.१२, जीलिबसी २.४१, सिस्टमडी २५७. हे मोठे आकडे त्या रिलीजच्या आयुष्यभर साधारण तिथेच राहतात, आणि ते मुद्दाम तसं ठेवलेलं असतं. डेबियनची सिक्युरिटी टीम सहसा नवीन व्हर्जन आणत नाही, नवीन व्हर्जनमधला फक्त दुरुस्तीचा पॅच काढून जुन्या व्हर्जनवर बसवते.

उदाहरण घ्या. १ जुलै २०२४ ला ओपनएसएसएचमधलं ते रिग्रेशन नावाने गाजलेलं भोक जाहीर झालं, मूळ प्रोजेक्टने ते ९.८ मध्ये बुजवलं. बुकवर्ममध्ये ९.२ होतं आणि ते ९.२ च राहिलं, फक्त शेपटीला डेब१२यू३ लागलं. म्हणजे डेबियन १२ साठीचा तिसरा अपडेट, आणि भोक बुजलं. पण ऑफिसमधला व्हल्नरेबिलिटी स्कॅनर नुसतं ९.२ बघतो आणि लाल रिपोर्ट काढतो, मग वरून मेल येतो की ताबडतोब ९.८ टाका. असा मेल आला तर घाबरून सोर्सवरून कंपाइल करायला बसू नका. ॲप्ट पॉलिसी आणि पुढे पॅकेजचं नाव अशी कमांड द्या, पूर्ण व्हर्जन शेपटीसकट बघा, आणि डेबियनच्या सिक्युरिटी ट्रॅकरवर त्या सीव्हीई नंबरचं (प्रत्येक भोकाला मिळणारा जाहीर नंबर) पान उघडून तुमच्या रिलीजसमोर फिक्स्ड लिहिलंय का ते बघा. लिहिलेलं असेल आणि तुमचं व्हर्जन तेच किंवा पुढचं असेल तर तोच स्क्रीनशॉट उत्तरात पाठवा, विषय संपला.

जीलिबसीचंही तसंच. ऑक्टोबर २०२३ मध्ये लूनी ट्यूनेबल्स नावाचं भोक आलं, साधा युजर रूट होऊ शकत होता, बुकवर्मला त्याची दुरुस्ती २.३६-९ च्या डेब१२यू३ मध्ये मिळाली. व्हर्जन २.३६ च.

कर्नलमध्ये अजून एक गोंधळ होतो. यूनेम डॅश आर दिलं की बुकवर्मवर ६.१.०-१४ असं काहीतरी दिसतं आणि लोकांना वाटतं ६.१.० म्हणजे अगदी पहिलंच कर्नल, काहीच अपडेट झालं नाही. तसं नाहीये, ते पॅकेजचं नाव आहे, खरं व्हर्जन यूनेम डॅश व्ही दिलं की दिसतं, त्या १४ च्या आत ६.१.६४ होतं. ट्रिक्सीमध्ये हे सुधारलंय, तिथे नावातच ६.१२.४१ आणि डेब१३ असं दिसतं.

सोर्सेस नीट आहेत का

ईटीसीमधल्या ॲप्ट फोल्डरमध्ये सोर्सेस डॉट लिस्ट असते किंवा नवीन पद्धतीने सोर्सेस डॉट लिस्ट डॉट डी मध्ये डेबियन डॉट सोर्सेस. त्यात तीन नावं असायलाच पाहिजेत: ट्रिक्सी, ट्रिक्सी-अपडेट्स आणि ट्रिक्सी-सिक्युरिटी. बऱ्याच मशीनवर, खासकरून कुणीतरी डीव्हीडीवरून ऑफलाइन इन्स्टॉल केलेल्या, तिसरी ओळच नसते आणि मग मशीन वर्षभर सिक्युरिटी अपडेटशिवाय चालू असतं आणि ॲप्ट रोज सांगतं की सगळं अपटुडेट आहे. हे खरंच तपासा. डेबियन १० पर्यंत सिक्युरिटीची ओळ बस्टर स्लॅश अपडेट्स अशी असायची, ११ पासून नाव डॅश सिक्युरिटी झालं, त्यामुळे जुन्या मशीनवरून कॉपी केलेली ओळ चालत नाही.

दुसरं, तिथे कोडनेम लिहा, स्टेबल हा शब्द लिहू नका. स्टेबल लिहिलं की पुढचं रिलीज ज्या दिवशी येईल त्या दिवसापासून तुमची ओळ त्या नवीन रिलीजकडे बोट दाखवायला लागते, आणि तुम्ही साधं रोजचं अपडेट म्हणून जे करायला जाल ते अख्ख्या रिलीजचं अपग्रेड निघेल.

तिसरं, मेनच्या पुढे नॉन-फ्री-फर्मवेअर हा शब्द आहे ना ते बघा. बुकवर्मपासून फर्मवेअर वेगळ्या विभागात गेलं. ११ वरून वर आलेल्या मशीनवर तो शब्द राहून जातो आणि मग वायफायचं फर्मवेअर आणि इंटेल-एएमडीचा मायक्रोकोड यांचे अपडेट येतच नाहीत. मायक्रोकोड म्हणजे प्रोसेसरमधल्या भोकांची दुरुस्ती, तो कोअर सिस्टीमचाच भाग समजा.

हात लावायच्या आधी

बॅकअप घ्या, हे वेगळं सांगायला नको. व्हीएम असेल तर स्नॅपशॉट, बीटीआरएफएस असेल तर त्याचा स्नॅपशॉट, नसेल तर निदान ईटीसी फोल्डर, डेटाबेसचा डंप आणि डीपीकेजी डॅश डॅश गेट-सिलेक्शन्सचं (इन्स्टॉल पॅकेजच्या यादीचं) आउटपुट दुसऱ्या मशीनवर.

डीएफ डॅश एच देऊन रूटवर आणि बूटवर जागा किती ते बघा. बूट वेगळ्या पार्टिशनवर असेल, आणि डिस्क एन्क्रिप्ट केली की बहुतेक वेळा असतंच, तर ते छोटं असतं आणि दोन-तीन कर्नल आणि त्यांचे इनिटआरडी (बूट होताना कर्नलला लागणारी फाइल) बसले की भरतं, मग नवीन कर्नलचा इनिटआरडी अर्धवट लिहिला जातो आणि तिथेच अपडेट अडकतो. जागा कमी असेल तर आधी ॲप्ट ऑटोरिमूव्ह करून जुनी कर्नल काढा, ते चालू असलेलं कर्नल काढत नाही. हाताने आरएम करून बूटमधल्या फायली उडवू नका, डीपीकेजीला ते कळत नाही आणि पुढच्या वेळी तो त्याच्यावरून भांडतो.

एसएसएचवरून करत असाल तर टीमक्स किंवा स्क्रीनच्या आत करा. नेट तुटलं, लॅपटॉप झोपला, तरी आतलं काम चालू राहतं. आणि डेस्कटॉपवर घरी करत असाल तर यूपीएस असेल तेव्हाच किंवा लाइट जायची वेळ नसेल तेव्हा करा, जीलिबसी अनपॅक होताना मध्येच लाइट गेली तर ते निस्तरणं सोपं नसतं. ज्यांच्याकडे लोडशेडिंगचं टाइमटेबल आहे त्यांनी ते बघून करा, लॅपटॉपवाल्यांनी बॅटरी भरून.

आता प्रत्यक्ष अपडेट

सुडो ॲप्ट अपडेट. याच्या आउटपुटमध्ये एरर आहे का ते वाचा, नुसतं पुढे जाऊ नका, एखादा मिरर (पॅकेज मिळतात तो सर्व्हर) फेल झाला असेल तर जुनी यादी वापरली जाते आणि तुम्हाला वाटतं सगळं आलं. मग ॲप्ट लिस्ट डॅश डॅश अपग्रेडेबल. यात लिनक्स-इमेज, लिबसी६, लिबएसएसएल, सिस्टमडी, ओपनएसएसएच-सर्व्हर, ग्रब (बूटचा मेनू दाखवणारा प्रोग्रॅम) यापैकी काय आहे ते नजरेखालून घाला, कारण यातलं काही असेल तर रीबूटचा वेळ काढून ठेवायचाय.

मग सुडो ॲप्ट अपग्रेड. इथे ॲप्ट आणि ॲप्ट-गेट यात फरक आहे तो माहीत पाहिजे. ॲप्ट-गेट अपग्रेड नवीन पॅकेज टाकतच नाही, आणि कर्नलचा अपडेट नवीन नावाचं पॅकेज म्हणून येतो, म्हणजे ६.१.०-१३ च्या जागी ६.१.०-१४ हे वेगळंच पॅकेज असतं. त्यामुळे ॲप्ट-गेट अपग्रेडवाल्या जुन्या स्क्रिप्ट कर्नलला केप्ट बॅक म्हणून बाजूला ठेवतात आणि वर्षानुवर्षं कर्नल तेच राहतं. साधं ॲप्ट अपग्रेड नवीन पॅकेज टाकतं पण काही काढत नाही. ॲप्ट फुल-अपग्रेड गरज पडली तर काढतंही. स्टेबलच्या आत रोजच्या कामाला ॲप्ट अपग्रेड पुरतं, पॉइंट रिलीजला (साठलेल्या दुरुस्त्या एकत्र येतात तेव्हा, जसं १२.४) कधी फुल-अपग्रेड लागू शकतं, पण तेव्हा रिमूव्हिंगची यादी पूर्ण वाचल्याशिवाय वाय दाबू नका. ट्रिक्सीतलं ॲप्ट ३.० ती यादी लाल रंगात शेवटी दाखवतं, हे फार बरं केलंय. शंका असेल तर तीच कमांड डॅश एस लावून चालवा, फक्त काय होईल ते दिसतं, होत काही नाही.

आणि लिनक्स-इमेज-एएमडी६४ हे मेटापॅकेज (दरवेळी ताज्या कर्नलकडे बोट दाखवणारं पॅकेज) इन्स्टॉल आहे ना ते एकदा बघून घ्या. ते नसेल, फक्त नंबरवालं कर्नल असेल, तर नवीन कर्नल कधीच आपोआप येणार नाही. क्लाउड इमेजवर त्याच्या जागी क्लाउडवालं मेटापॅकेज असतं, ते चालतं.

मध्ये कॉन्फिग फाइलबद्दल प्रश्न येतो, की मेंटेनरची नवीन फाइल घ्यायची की तुमची ठेवायची. घाईत एंटर दाबलं तर तुमचीच राहते, आणि एसएसएचच्या बाबतीत बहुतेक वेळा तेच हवं असतं. पण आधी डी दाबून फरक बघा. तुमची ठेवली तर नवीन फाइल बाजूला डीपीकेजी-डिस्ट शेपटीने राहते, नंतर निवांत जुळवता येते. कायमचा उपाय म्हणजे एसएसएचडी कॉन्फिग डॉट डी सारख्या फोल्डरमध्ये आपली छोटी वेगळी फाइल ठेवायची आणि मूळ फाइलला हातच लावायचा नाही, मग हा प्रश्नच येत नाही.

अपडेट झालं म्हणजे लागू झालं असं नाही

इथे सगळ्यात जास्त लोक अर्ध्यावर सोडतात. लिबएसएसएलची नवीन फाइल डिस्कवर आली तरी एनजिनएक्स, पोस्टफिक्स, जे जे आधीपासून चालू आहे ते मेमरीतली जुनीच कॉपी वापरत असतं. डिस्कवरून फाइल गेली तरी उघडी ठेवलेल्याला ती मिळत राहते, लिनक्स असंच चालतं. म्हणजे तुम्ही ॲप्ट लिस्ट बघून खूश, आणि सर्व्हर अजून भोक असलेल्या कोडवर चालू.

त्यासाठी नीडरीस्टार्ट हे पॅकेज टाका. प्रत्येक अपडेटनंतर ते कुठली सर्व्हिस जुनी लायब्ररी धरून आहे ते सांगतं, रीस्टार्ट करून देतं, आणि कर्नल जुनं चालू आहे का तेही सांगतं. ते टाकायचं नसेल तर एलएसओएफचं आउटपुट डीईएल शब्दावर ग्रेप करा, त्यात लिबसी किंवा लिबएसएसएलच्या ओळी दिसल्या की ती ती सर्व्हिस रीस्टार्ट करायची.

वेगवेगळ्या गोष्टींना वेगळं वेगळं लागतं. ओपनएसएसएलला सर्व्हिस रीस्टार्ट पुरतं. ओपनएसएसएच रीस्टार्ट केलं तर चालू सेशन तुटत नाही, तरी दुसरं टर्मिनल उघडून नवीन लॉगिन होतंय ना बघा आणि मगच पहिलं बंद करा. सिस्टमडी अपडेट होताना स्वतःला परत चालू करून घेतं. डीबस (प्रोग्रॅम ज्याच्यातून एकमेकांशी बोलतात ती सर्व्हिस) मात्र चालू मशीनवर रीस्टार्ट करू नका, डेस्कटॉप सेशनच कोसळतं. जीलिबसी तर जवळपास प्रत्येक प्रोसेस वापरते, म्हणून माझं स्पष्ट मत आहे की जीलिबसीचा सिक्युरिटी अपडेट आला की एक एक सर्व्हिस शोधत बसण्यापेक्षा वेळ ठरवून सरळ रीबूट करा. कर्नलला तर रीबूट लागतोच.

रीबूटनंतर यूनेम डॅश व्ही, सिस्टमसीटीएल डॅश डॅश फेल्ड, आणि जर्नलसीटीएल डॅश बी डॅश पी ईआरआर या तीन गोष्टी बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

कर्नल: जुनं लगेच काढू नका

स्टेबल आहे म्हणून कर्नल कधीच चुकत नाही असं नाही. डिसेंबर २०२३ मध्ये १२.३ पॉइंट रिलीज यायचं होतं, त्यातल्या ६.१.६४ कर्नलमध्ये ईएक्सटी४ फाइलसिस्टीमवरचा डेटा खराब करू शकणारा बग सापडला, मूळ पॅच जुन्या कर्नलवर आणताना त्याच्यासोबतचा दुसरा एक बदल राहून गेला होता. डेबियनने १२.३ च्या इमेज थांबवल्या आणि १० डिसेंबरला ६.१.६६ घेऊन थेट १२.४ काढलं. त्या ६.१.६६ मध्ये परत काही जणांच्या वायफायची कटकट झाली, ती ६.१.६७ मध्ये मिटली. यातून अपडेट करू नये असा अर्थ काढू नका. अर्थ एवढाच की मागचं चाललेलं कर्नल मशीनवर राहू द्या, म्हणजे ग्रबमध्ये ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून त्यावर परत जाता येतं, आणि ज्यांच्याकडे पाच-दहा सर्व्हर आहेत त्यांनी आधी एकावर टाकून एखाद-दुसरा दिवस बघून मग बाकीच्यांवर टाका. ॲप्ट-लिस्टबग्ज नावाचं पॅकेजही आहे, इन्स्टॉल करायच्या आधी त्या व्हर्जनवरचे गंभीर बग दाखवतं.

एनव्हिडिया किंवा व्हर्च्युअलबॉक्स डीकेएमएसने (प्रत्येक कर्नलसाठी मॉड्यूल बनवून देणारं टूल) बसवलं असेल तर लिनक्स-हेडर्स-एएमडी६४ हेही मेटापॅकेज पाहिजे, नाहीतर नवीन कर्नलसाठी मॉड्यूल बनतच नाही आणि रीबूटनंतर काळी स्क्रीन येते. रीबूटच्या आधी डीकेएमएस स्टेटस देऊन नवीन कर्नलसमोर इन्स्टॉल्ड आलंय ना ते बघा. सिक्युअर बूट चालू असेल तर त्या मॉड्यूलवर तुमच्या एमओके कीची (मशीनमध्ये तुम्ही स्वतः नोंदवलेल्या किल्लीची) सही लागते, ती नोंदवलेली नसेल तर मॉड्यूल बनूनही लोड होत नाही.

खरंच नवीन कर्नल हवं असेल तर बॅकपोर्ट्स

नवीन लॅपटॉप आहे, ग्राफिक्स किंवा वायफाय जुन्या कर्नलला ओळखूच येत नाही, ही खरी गरज आहे आणि त्याला अधिकृत रस्ता आहे, बॅकपोर्ट्स, म्हणजे नवीन पॅकेज स्टेबलसाठी परत बनवून ठेवलेला रेपो. सोर्समध्ये ट्रिक्सी-बॅकपोर्ट्स जोडा, ॲप्ट अपडेट करा, मग ॲप्ट इन्स्टॉल डॅश टी ट्रिक्सी-बॅकपोर्ट्स आणि पुढे लिनक्स-इमेज-एएमडी६४. हेडर्स लागत असतील तर तेही त्याच कमांडमध्ये, आणि फर्मवेअरचं पॅकेजही तिथूनच, नाहीतर नवीन कर्नल आणि जुनं फर्मवेअर अशी जोडी जमत नाही.

बॅकपोर्ट्सची ओळ टाकली म्हणून सगळी सिस्टीम नवीन होत नाही, त्या रेपोचा प्राधान्यक्रम १०० असतो आणि नेहमीच्याचा ५००, त्यामुळे मागितल्याशिवाय तिथून काही येत नाही. पण एकदा तिथून घेतलेलं पॅकेज पुढचे अपडेटही तिथूनच घेतं. आणि तिथल्या पॅकेजची जबाबदारी सिक्युरिटी टीमची नसते, जो अपलोड करतो त्याची असते, म्हणून इंटरनेटला उघड्या सर्व्हरवर मी गरज नसताना बॅकपोर्ट्स कर्नल टाकणार नाही, लॅपटॉपवर बिनधास्त टाकेन. सिस्टमडीसारख्या गोष्टीही तिथे येतात, बुकवर्मच्या बॅकपोर्ट्समध्ये २५४ आलं होतं. जीलिबसीची अपेक्षा तिथून ठेवू नका.

टेस्टिंगमधून एकच पॅकेज आणणं का नको

टेस्टिंगमधलं कुठलंही सी मध्ये लिहिलेलं पॅकेज तिथल्या नवीन जीलिबसीवर बनलेलं असतं, त्यामुळे तुम्ही एक छोटं टूल मागता आणि ॲप्ट बऱ्याचदा लिबसी६ (जीलिबसीचं पॅकेज) बदलायची परवानगी मागतं. ती दिली की परत यायचा रस्ता नाही, जीलिबसी खाली उतरवणं डेबियनमध्ये सपोर्टेडच नाही.

पोस्टग्रेस चालवणाऱ्यांनी हे जरा जास्त लक्ष देऊन वाचा. टेक्स्ट कॉलमचे इंडेक्स बहुतेक ठिकाणी जीलिबसीच्या वर्णक्रमावर, म्हणजे लोकेलच्या सॉर्टिंगवर बनलेले असतात. जीलिबसी २.२८ मध्ये हे सॉर्टिंगचे नियम मोठ्या प्रमाणात बदलले आणि ९ वरून १० वर गेलेल्या डेबियनवाल्यांचे इंडेक्स चुकीचे ठरले, शोधलं तर असलेली ओळ सापडेना, युनिक असूनही डुप्लिकेट शिरले, सगळं रीइंडेक्स करावं लागलं. मराठी नावांची यादी असो की इंग्रजी, धोका तोच. स्टेबलच्या आत जीलिबसीचं मोठं व्हर्जन जागचं हलत नाही त्याचा हा फायदा आहे, आणि टेस्टिंगचं लिबसी६ ओढून आणलं की तो फायदा तुम्ही स्वतःहून घालवता.

सुरक्षेच्या बाजूनेही टेस्टिंग म्हणजे जास्त सुरक्षित असं नाही. २९ मार्च २०२४ ला एक्सझेडमधला बॅकडोअर उघड झाला, तो ५.६.० आणि ५.६.१ मध्ये होता, टेस्टिंग आणि अनस्टेबलमध्ये पोचला होता. बुकवर्ममध्ये ५.४.१ होतं, स्टेबलवाल्यांना काही झालं नाही.

नवीन ॲप हवं असेल तर फ्लॅटपॅक, पॉडमन किंवा डॉकरचा कंटेनर, डिस्ट्रोबॉक्स, यातलं काहीही घ्या, त्यांची जीलिबसी त्यांच्याबरोबर येते आणि तुमच्याला धक्का लागत नाही. सोर्सवरून जीलिबसी कंपाइल करून सिस्टीमवर बसवायचं तर मनातही आणू नका.

आपोआप अपडेट

सर्व्हर रोज बघणं होत नसेल तर अनअटेंडेड-अपग्रेड्स टाकाच. ईटीसी, ॲप्ट, ॲप्ट डॉट कॉन्फ डॉट डी मधल्या ५० नंबरच्या फायलीत कुठून अपडेट घ्यायचे ते असतं, सिक्युरिटी तिथे आधीच असते. रीबूट आपोआप होत नाही, ते ऑटोमॅटिक-रीबूट ट्रू करून वेळ लिहावी लागते, रात्री दोन वगैरे, तुमची गर्दी नसेल ती. मेलचा पत्ताही तिथेच टाका. अनअटेंडेड-अपग्रेड डॅश डॅश ड्राय-रन डॅश डॅश डीबग चालवून एकदा खात्री करा.

अडकलं तर

मध्येच तुटलं असेल तर आधी डीपीकेजी डॅश डॅश कॉन्फिगर डॅश ए, मग ॲप्ट डॅश डॅश फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल. बहुतेक वेळा एवढ्यात सुटतं. काय बदललं ते व्हार, लॉग, ॲप्टमधल्या हिस्टरी डॉट लॉगमध्ये तारीख-वेळेसकट असतं.

बूटच होत नसेल आणि जुनं कर्नलही चालत नसेल तर लाइव्ह यूएसबीवरून रूट पार्टिशन माउंट करा, बूट आणि ईएफआय वेगळे असतील तर तेही आत माउंट करा, डेव्ह, प्रोक आणि सिस बाइंड करा, सीएचरूट करून आत जा, मग वरच्याच दोन कमांड, त्यानंतर अपडेट-इनिटरामएफएस डॅश यू डॅश के ऑल आणि अपडेट-ग्रब.

एखादं पॅकेजच बिघडलेलं आलं असेल तर मागचं व्हर्जन परत टाकता येतं, ॲप्ट इन्स्टॉल, पॅकेजचं नाव, बरोबरचं चिन्ह आणि पूर्ण व्हर्जन. ॲप्ट कमांड इन्स्टॉलनंतर डाउनलोड केलेल्या फायली पुसून टाकते त्यामुळे कॅशेत जुनी सापडेलच असं नाही, डेबियनच्या स्नॅपशॉट आर्काइव्हवर प्रत्येक जुनं व्हर्जन तारखेनुसार मिळतं. मग ॲप्ट-मार्क होल्ड लावा म्हणजे रात्री अनअटेंडेड परत तेच बिघडलेलं टाकणार नाही. होल्ड लावलेल्या पॅकेजला सिक्युरिटी अपडेटही येत नाहीत, म्हणून दुरुस्त व्हर्जन आलं की ॲप्ट-मार्क अनहोल्ड करायचं, आणि दुसऱ्या कुणाच्या हातचं मशीन ताब्यात घेतलं की पहिल्याच दिवशी ॲप्ट-मार्क शोहोल्ड देऊन बघायचं, तिथे कर्नल किंवा लिबसी६ दिसलं तर ते का थांबवलं होतं ते आधी विचारून घ्या.